नंबर डोळ्याचा, पाहणे मेंदूचे

गेल्या महिन्यात उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून एक कारागीर माझ्या अंबरनाथच्या दवाखान्यात आला. वय चव्वेचाळीस, जीन्सच्या कारखान्यात शिलाईचे काम. संध्याकाळ झाली की कपाळ ठणकते, डोळ्यांतून पाणी येते, अशी तक्रार होती. "डॉक्टर, एक ताकदीची सुई देऊन टाका" हा आग्रह. (ताकदीची सुई नावाचे औषध वैद्यकशास्त्रात कुठेही नाही, पण आमच्या भागात तिच्यावाचून दवाखाना चालवणे अवघड. तो विषय पुन्हा कधीतरी.) रक्तदाब तपासला, ठीक होता. मग मेजावरची गोळ्यांची पट्टी त्याच्या हातात दिली आणि मागची तारीख वाचायला सांगितली. त्याने पट्टी हातभर लांब धरली, आणखी थोडी लांब नेली आणि हसून मला परत केली.

"मग मशीनच्या सुईत दोरा कसा ओवतोस?"

"शेजारचा हेल्पर ओवून देतो. दोन वर्षं झाली."

चाळिशी लागली होती, दुसरे काही नव्हते. दोन वर्षे चष्मा का केला नाही, असे विचारल्यावर त्याने जो हिशोब सांगितला तो मला खोडून काढता आला नाही. पैसे नगावर मिळतात. डोळे तपासायला एक दिवस, चष्मा आणायला दुसरा दिवस. दोन दिवसांचे नग गेले.

या हिशोबाची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याच देशात मोजली गेली आहे. आसाममधल्या चहाच्या मळ्यात पाने खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्यांना लगेच जवळचे दिसण्याचा साधा चष्मा दिला, बाकीच्यांना प्रयोग संपल्यावर. २०१८ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आले. चष्मा मिळालेल्यांची खुडणी, न मिळालेल्यांच्या तुलनेत, जवळजवळ बावीस टक्क्यांनी जास्त भरली. पाने खुडणाऱ्याला जर इतका फरक पडतो, तर निळ्या कापडावर निळी शिवण मारणाऱ्याला किती पडेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

तो गेल्यावर मला आपल्या नाशिकच्या एका माणसाची आठवण झाली. रमेश रासकर हे त्यांचे नाव. नाशिकला वाढलेला हा मुलगा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून इंजिनिअर झाला, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून २००८ साली बोस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेत प्राध्यापक म्हणून रुजू झाला. कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांची सांगड हा त्यांचा विषय. सेकंदाला एक लाख कोटी चित्रे या वेगाने प्रकाशाची हालचाल टिपणारे तंत्र त्यांच्या गटाने २०११ साली दाखवले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांचे नाव गाजले. प्रत्यक्ष नजरेआड, कोपऱ्यापलीकडे असलेल्या वस्तूचा आकार भिंतीवरून परतणाऱ्या प्रकाशावरून ओळखायचा, हे कामही त्याच तंत्रातले. २०१६ साली त्यांना पाच लाख डॉलरचे लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळाले. पण माझ्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरला त्यांचे जे काम सर्वात जवळचे वाटते ते याच्याही आधीचे, २०१० सालचे आहे. त्याचे नाव 'नेत्रा'. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून त्यांनी हा आपल्या ओळखीचा शब्द साधला.

ते समजायला डोळ्याची रचना थोडी आठवावी लागेल. बाहेरचा प्रकाश प्रथम बुबुळावरच्या पारदर्शक पटलातून आत शिरतो. किरण वळवण्याचे दोन तृतीयांश काम हे पटलच करते. उरलेले काम आतले भिंग करते. जवळचे पाहताना हे भिंग फुगते, लांबचे पाहताना सपाट होते. चाळिशीनंतर ते ताठर होत जाते आणि फुगेनासे होते, म्हणून पट्टीवरची तारीख हातभर लांब न्यावी लागते. दोघांनी मिळून वळवलेले किरण मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, नेमके एका जागी मिळाले तर चित्र स्वच्छ. डोळ्याची लांबी जास्त असेल तर ते पडद्याच्या अलीकडेच मिळतात आणि लांबचे धूसर दिसते. लांबी कमी असेल तर उलट प्रकार. पटलाची गोलाई एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त असेल तर सिलिंडरचा नंबर.

चष्म्याच्या मोठ्या दुकानात हनुवटी टेकवून ज्या यंत्रात आपण पाहतो, ते डोळ्यात प्रकाश सोडते आणि परत आलेल्या प्रकाशावरून नंबर काढते. यंत्र नाजूक, किंमत लाखांच्या घरात. रासकर आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रकार उलटा केला. या कामात ब्राझीलचा व्हितोर पाम्प्लोना हा तरुण पुढे होता. त्यांचे म्हणणे असे, की डोळ्यात डोकावण्यासाठी महाग यंत्र कशाला? डोळ्याच्या मागे माणूस बसलेला आहेच, त्यालाच विचारू.

मोबाइलच्या पडद्यावर एक छोटे नळकांडे बसवायचे आणि त्याला डोळा लावायचा. पडद्यावर दोन बारीक रेषा असतात. एका रेषेचा प्रकाश बाहुलीच्या एका कडेने आत जातो, दुसरीचा दुसऱ्या कडेने. डोळा निर्दोष असेल तर दोन्ही रेषा आत एकाच जागी पडतात आणि माणसाला एकच रेषा दिसते. नंबर असेल तर त्या वेगवेगळ्या जागी पडतात, दोन दिसतात. मग बटण दाबत दाबत त्या एकमेकींवर आणायच्या. किती वेळा बटण दाबावे लागले यावरून कॉम्प्युटर नंबर सांगतो. रेषांची दिशा बदलून हेच पुन्हा केले की सिलिंडर आणि त्याचा कोनही मिळतो. डोळा किती जवळपर्यंत पाहू शकतो, म्हणजे चाळिशी किती लागली आहे, हेही याच युक्तीने काढता येते. नळकांड्याचा खर्च त्या वेळच्या त्यांच्या अंदाजाप्रमाणे दोन डॉलरच्या आत होता.

यात मला सर्वात आवडते ते असे, की मोजमापाचे अवघड काम यंत्राने केलेलेच नाही. दोन रेषा जुळल्या की नाही हे ओळखण्यात माणसाची नजर इतकी तरबेज आहे, की अक्षरे वाचण्याच्या तिच्या ताकदीपेक्षा ही ताकद कित्येक पट सूक्ष्म असते. अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एमआयडीसीत टर्नर-फिटर म्हणून काम केलेल्या कुणालाही हे माहीत असते. व्हर्नियर कॅलिपरवर दोन रेघा जुळताना तो केसाइतका फरक पकडतो तो याच ताकदीवर. आणि ही ताकद एकट्या डोळ्याची नव्हे. पडद्यावर पडलेल्या चित्राचा अर्थ लावणारा मेंदू असतो म्हणून ती आहे.

'नेत्रा'ची पुढे कंपनी निघाली, भारतातही तिच्या चाचण्या झाल्या. पण नंबर कळला म्हणजे चष्मा नाकावर आला असे होत नाही. काच घासणारा, फ्रेम विकणारा आणि "अजून म्हातारा झालो का मी?" म्हणून रुसलेल्या गिऱ्हाइकाला समजावणारा माणूस लागतोच. तरीही कारखान्याच्या दारातच पाच मिनिटांत नंबर निघाला असता तर माझ्या कारागिराचे दोन वर्षांचे डोके दुखणे वाचले असते, असे मला वाटते.

मोठ्या माणसांचे हे झाले. मुलांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती माझ्या हातून झालेल्या चुकीची आहे.

बदलापूरचे एक कुटुंब वर्षानुवर्षे माझ्याकडे येते. त्यांची मुलगी दीड वर्षाची असल्यापासून मी तिला तपासतो आहे. सर्दी, ताप, कांजिण्या, जंत, सगळे झाले. ती पाच वर्षांची असताना आई एकदा म्हणाली होती, "डॉक्टर, ही थकली की उजवा डोळा जरा आत जातो." दवाखान्यात गर्दी होती. मुलीला ताप होता. मी डोळ्यांकडे पाहिले, त्या क्षणी ते सरळ होते. "वाढत्या वयात जाईल," असे मी म्हणालो. सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, "तिरळी नजर भाग्याची असते." विषय संपला.

मुलगी नऊ वर्षांची झाली. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या यात्रेत वडिलांनी तिला खेळण्यातली दुर्बीण घेऊन दिली. तिने ती उजव्या डोळ्याला लावली आणि म्हणाली, "बाबा, ही बिघडलीय." भावाने घेऊन पाहिली, त्याला छान दिसले. मग घरी प्रत्येकाने एकेक डोळा झाकून पाहिले आणि सर्वांच्या लक्षात आले की तिला उजव्या डोळ्याने समोरच्या माणसाचा चेहराही नीट दिसत नाही.

नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. डाव्या डोळ्याला जवळजवळ नंबर नाही, उजव्याला अधिक पाच. वडिलांना बरे वाटले. चष्मा लावला की झाले! चष्मा लावला, नंबर अगदी बरोबर होता, आणि तरीही उजव्या डोळ्याने तक्त्यावरचे फक्त सर्वात वरचे मोठे अक्षर वाचता आले. वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टर, नंबर बरोबर आहे, काच बरोबर आहे, डोळ्यात दोष नाही म्हणतात. मग दिसत का नाही?"

'नेत्रा'सारखे यंत्र तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर कदाचित काढू शकले असते, पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकले नसते. जन्मापासून त्या डोळ्याकडून मेंदूला धूसर चित्र येत राहिले, दुसऱ्याकडून स्वच्छ. मेंदू व्यवहारी असतो. त्याने धूसर चित्राकडे दुर्लक्ष करायचे ठरवले, आणि त्या डोळ्यासाठी राखलेली मेंदूतली जागा हळूहळू चांगल्या डोळ्याला देऊन टाकली. याला आळशी डोळा म्हणतात. नाव चुकीचे आहे, कारण आळस डोळ्याचा नसतो. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवला. टाके काढल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला दाद देत नव्हत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर काही बिघडत नव्हते. १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या त्यांच्या कामाचा हा महत्त्वाचा भाग होता. पाहायला शिकण्याचे वय असते, एवढे त्यातून कळले.

ते वय टळून गेले तर? या प्रश्नावर रासकरांच्याच एमआयटीत काम करणारे दुसरे भारतीय शास्त्रज्ञ आहेत, पवन सिन्हा. माणूस कसा पाहतो आणि कॉम्प्युटरला पाहायला कसे शिकवावे, हे दोन्ही त्यांचे विषय. त्यांचे काम समजून घ्यायला आपल्या कर्जत लोकलचे उदाहरण चांगले आहे. बदलापूरच्या पुढच्या वांगणीत अनेक अंध कुटुंबे राहतात, आणि त्यांतले बरेच जण लोकलमध्ये फिरून वस्तू विकतात. (एप्रिल २०२१ मध्ये वांगणी स्टेशनवर अंध आईचे मूल रुळांवर पडले, तेव्हा समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वाचवले, ते वाचकांच्या स्मरणात असेल.) नाणे हातात पडताच ते दहाचे की पाचचे हे या विक्रेत्यांना बोटाने कळते. समजा, अशा एखाद्या जन्मांध माणसाला उद्या दृष्टी आली आणि समोर दोन नाणी न शिवता ठेवली, तर कुठले कुठले हे त्याला नुसते पाहून सांगता येईल का?

हा प्रश्न १६८८ साली आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने विचारला होता. मॉलिन्यू यांची पत्नी अंध होती. तीनशेहून अधिक वर्षे विद्वान त्यावर वाद घालत राहिले. सिन्हा यांनी २००५ च्या सुमारास दिल्लीत 'प्रकल्प प्रकाश' सुरू केला. जन्मतः मोतीबिंदू असलेली, उपचाराविना मोठी झालेली मुले खेड्यापाड्यांतून शोधायची, त्यांची शस्त्रक्रिया करायची आणि ती पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा. आठ ते सतरा वर्षांच्या अशा पाच मुलांवरचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. हाताने चाचपलेली वस्तू नंतर नजरेने ओळखा, असे सांगितल्यावर शस्त्रक्रियेनंतर लगेच त्यांना ते जमले नाही, जवळजवळ अंदाजपंचेच उत्तरे आली. पण नंतर तपासणी झालेल्यांना काही दिवसांतच ते जमू लागले. म्हणजे डोळा उघडला तरी पाहणे आपोआप येत नाही, ते शिकावे लागते. आणि उशीर झाला तरी मेंदू थोडेफार शिकतो.

उशिरा दृष्टी आलेल्या या मुलांना चेहरे ओळखणे मात्र जड जाते. यावर सिन्हा यांच्या गटाने कॉम्प्युटरवर एक प्रयोग केला आणि २०१८ साली तो मांडला. तान्ह्या बाळाला पहिले काही महिने धूसरच दिसते. कॉम्प्युटरलाही आधी धूसर आणि मग स्पष्ट चेहरे दाखवून शिकवले. पहिल्यापासून स्पष्ट चेहरे पाहून शिकलेल्या कॉम्प्युटरपेक्षा तो चेहरे ओळखण्यात सरस ठरला. बाळाचे ते धूसर पाहणेही शिक्षणाचाच भाग असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. निसर्गाचा हा क्रम चुकला तर नंतर चष्म्याने तो पूर्ण भरून निघत नाही.

आता कामाचे सांगतो. मूल घरात बागडते, टीव्ही पाहते, म्हणजे त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसते असे समजू नका. एका चांगल्या डोळ्यावर सगळे निभावते, आणि मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या तऱ्हेने दिसणे त्याला माहीतच नसते. खेळता खेळता एकेक डोळा तळहाताने झाका. एक डोळा झाकल्यावर मूल शांत राहिले आणि दुसरा झाकताच हात ढकलू लागले, रडू लागले, तर तपासणी हवी. डोळा आत किंवा बाहेर जात असेल, मग तो थकल्यावरच का होईना, तर तपासणी हवी. त्यात भाग्य नाही. बाळाची बाहुली पांढरट दिसली, फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी चमक आली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तो मोतीबिंदू असू शकतो, किंवा क्वचित डोळ्याचा कर्करोगही. जन्मजात दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन महिन्यांतच झालेली बरी.

"अजून अक्षर ओळख नाही, नंबर कसा कळणार?" असे आईवडील विचारतात. डोळ्यात थेंब घालून, भिंगामागून प्रकाश टाकून नेत्रतज्ज्ञ नंबर काढतात, मुलाने एक शब्द बोलावा लागत नाही. अंगणवाडीत आणि शाळेत सरकारी तपासणीचे पथक येते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

त्या मुलीचे उपचार सुरू झाले. उजव्या डोळ्याला चष्मा, आणि चांगल्या डाव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे मेंदूला उजव्याचे ऐकणे भाग पडते. नऊव्या वर्षी उशीर झाला होता, पण दार बंद झाले नव्हते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सात ते बारा वर्षांच्या, पट्टी-औषधांसह उपचार केलेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांत दोन ओळी किंवा जास्त सुधारणा दिसली होती. मी तो आकडा वडिलांना सांगितला. उरलेल्या मुलांचे काय, हे त्यांनी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. आईने मात्र, "तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, वाढत्या वयात जाईल," एवढेच म्हटले. रागाने नाही. मी "हो" म्हणालो.

पहिले दोन महिने वाईट गेले. पट्टी लावली की मुलगी चिडायची, गृहपाठ करायची नाही. शाळेत मुले 'चाचा' म्हणून चिडवतात म्हणून पट्टी घरीच, दुपारी लावायची असे ठरले. आजींनी पट्टीच्या वेळात तिला तांदूळ निवडायला बसवायचे असे सुरू केले. नेत्रतज्ज्ञांनी हे ऐकून शाबासकी दिली, जवळचे बारीक काम हाच तर व्यायाम.

आता आठ महिने झाले. तक्त्यावर वरून चौथी ओळ ती उजव्या डोळ्याने वाचते. पूर्वी पहिलीच येत होती. गेल्या आठवड्यात भावाच्या खोकल्यासाठी सगळे आले होते. मी भावाची छाती तपासत होतो, तोवर तिने आपणहून डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरील औषध कंपनीचे नाव अडखळत, एकेक अक्षर करत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शेवटची दोन अक्षरे चुकली. मग ती खुर्ची थोडी पुढे ओढून पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.